तबलजी म्हणतात, तुम्ही पळता

चिपळूणहून एक वाचक लिहितात: ‘वय ४६, बँकेत नोकरी. चार वर्षं पेटी शिकतोय. तीन महिन्यांनी मध्यमा प्रथमची परीक्षा आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर बसतो. आधी अलंकार-पलटे (ते पांढरी एकमध्ये, पहिल्यापासून तशीच सवय आहे), मग भूप रागातली, तीनतालातली मध्यलय बंदिश आणि ताना (हे काळी एकमध्ये). एकटा असलो की सगळं बरं वाजतं. रविवारी तबलजी येतात तेव्हा ते म्हणतात, तुम्ही पळता. म्हणून फोनवर मेट्रोनोम (ठरवलेल्या लयीत टकटक करणारं ॲप) घेतला. एक तर पेटीच्या आवाजात तो ऐकू येत नाही, आणि ऐकू आला की बोटं अडखळतात. गुरुजी म्हणतात, त्या यंत्राला हात लावू नका, लय आतून आली पाहिजे. मुलगी पियानो शिकते, तिच्या बाई म्हणतात रोज लावायचाच. मी कुणाचं ऐकू?’

नमस्कार,

आधी निकाल देऊन टाकतो. मेट्रोनोम रोज लावा, पण दहा-पंधरा मिनिटंच, आणि सबंध बंदिशीला लावू नका. गुरुजींना जी भीती वाटते ती खरी आहे आणि मुलीच्या बाई सांगतात तेही बरोबर आहे. दोघं रियाजाच्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलतायत, एवढंच. पण तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की खरी मेख तुम्ही कंसात लिहिलेल्या दोन वाक्यांत आहे. पलटे पांढरी एकमध्ये (पहिली पांढरी पट्टी सा धरून) आणि बंदिश काळी एकमध्ये (पहिली काळी पट्टी सा धरून)! तिथूनच सुरुवात करू, कारण ते सुटल्याशिवाय मेट्रोनोम लावून नुसता मनस्ताप होईल.

भूपचा आरोह पांढरी एकमध्ये वाजवताना तुमची बोटं बहुतेक अशी पडत असणार: सा अंगठा, रे तर्जनी, ग मधलं बोट, मग अंगठा खालून सरकवून प, तर्जनीने ध आणि मधल्या बोटाने वरचा सा. म्हणजे हात बदलतो तो ग आणि प यांच्या मध्ये. आता हाच आरोह काळी एकमध्ये बघा. सा आणि रे दोन्ही काळ्या पट्ट्यांवर, ग पांढरीवर, प आणि ध पुन्हा काळ्या. अंगठा आखूड असतो, तो काळ्या पट्टीवर टाकला की सगळा मनगटाचा भाग पुढे सरकतो आणि बाकीची बोटं पट्ट्यांच्या मुळाशी जाऊन अडकतात. तिथे पट्टी जड लागते. म्हणून इथे सोयीची बोटं म्हणजे सा तर्जनी, रे मधलं बोट, ग अंगठा, प तर्जनी, ध मधलं, वरचा सा अनामिका. हात बदलतो तो रे आणि ग यांच्या मध्ये.

एका स्वराचा फरक आहे, पण बोटांच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. रोज अर्धा तास तुम्ही हाताला शिकवता की ‘ग नंतर वळ’, आणि लगेच पुढच्या अर्ध्या तासात त्याच्याकडून ‘ग च्या आधी वळ’ अशी अपेक्षा करता. सावकाश वाजवताना डोळा मदतीला येतो आणि भागतं. तबला सुरू झाला, लय चढली, की हात आपल्या मुरलेल्या सवयीकडे धावतो, ऐन वेळी चूक कळते, अंगठा कसाबसा येऊन पडतो. मग राहिलेला वेळ भरून काढायला पुढचे दोन-तीन स्वर गडबडीत निघतात. तबलजींना ऐकू येतं ते हे गडबडीतले स्वर. ते म्हणतात, पळता. खरं तर आधी तुम्ही अडखळता आणि मग पळता.

तर आजपासून पलटे काळी एकमध्येच. चार वर्षांची सवय मोडताना पहिला आठवडा हात अगदी नवशिक्यासारखा चालेल, तो चालू द्या. आणि हो, बोटांची ही रचना दगडावरची रेघ नाही. तुमचा हात लहान असेल, किंवा गुरुजींनी दुसरी रचना दिली असेल, तर ती घ्या. पण जी घ्याल ती बंदिशीच्या कागदावर स्वरांच्या खाली आकड्यांत लिहा (अंगठा १, तर्जनी २, याप्रमाणे) आणि मग ती रोज बदलू नका. एका जागी सोमवारी दुसरं बोट आणि मंगळवारी तिसरं पडत असेल, तर ती जागा कितीही घोटा, पक्की होत नाही.

आता मेट्रोनोमशिवायची एक तपासणी सांगतो, जी तुम्ही उद्याच करू शकता. बंदिशीची लय मिनिटाला १२० मात्रा धरा. मेट्रोनोम १२० वर दहा सेकंद ऐका, बंद करा, आणि आठ आवर्तनं (तीनतालाचं एक आवर्तन सोळा मात्रांचं) फोनवर रेकॉर्ड करा: चार आवर्तनं अस्ताई (बंदिशीचा पहिला भाग), दोन तानांची, दोन अंतऱ्याची. १२० च्या लयीत सोळा मात्रांना बरोबर ८ सेकंद लागतात, म्हणजे आठ आवर्तनांना ६४. रेकॉर्डिंग ५९ सेकंदांत संपलं, तर तुमची सरासरी लय १३० झाली. पण सरासरीवर थांबू नका. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना घरातल्या दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा आणि प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, लॅपचं बटण दाबा. आकडे काहीसे असे येतील: ८.०, ८.१, ७.९, ७.९, मग तानेच्या आवर्तनाला ८.३, पुढच्या तानेला ७.३, मग ७.२, ७.२. बटण दाबण्यात एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतातच, तेवढे सोडून द्या. पण ८.३ नंतर ७.३ हा बटण दाबण्यातला फरक नव्हे. ताना सुरू होताना रखडणं, मग पळणं, आणि त्यानंतर त्या पळालेल्या लयीतच अंतरा वाजवणं हे तुम्हाला कागदावर दिसेल. ज्यांचे आकडे पहिल्या आवर्तनापासून हळूहळू घसरत जातात, ७.९, ७.८, ७.६, ७.४, त्यांचा आजार वेगळा असतो. त्यांची बोटं ठीक असतात, कान सुटलेला असतो. त्यांना खाली सांगितलेला मेट्रोनोमच्या टिका (ठोके) कमी करण्याचा रियाज जास्त उपयोगी पडतो.

समजा तुमचे आकडे पहिल्या प्रकारचे आले. मग मेट्रोनोम बाहेर काढायची वेळ झाली, आणि तो सबंध बंदिशीवर न लावता एका तानेवर लावायचा. उदाहरणाला ही आठ मात्रांची दुगुनीतली (मात्रेला दोन स्वर) साधी तान घ्या:

सारे गप धसां धप | गप धप गरे सा–

अंगठ्याचा स्वर ग. तो या तानेत तीनदा येतो आणि तिन्ही वेळा मात्रेच्या तोंडाशीच येतो: दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला. पाचवीला काही अडचण नाही, कारण तिथे तर्जनीवरून शेजारच्या अंगठ्यावर नुसतं उतरायचं आहे. अवघड जागा दोन. एक, पहिल्या मात्रेच्या रे वरून दुसऱ्या मात्रेच्या ग वर जाताना अंगठा मधल्या बोटाच्या खालून न्यायचा. दोन, सातव्या मात्रेत ग वरून रे वर येताना मधलं बोट अंगठ्याच्या वरून टाकायचं. बाकीची तान तुम्हाला येतेच. ती शंभरदा घोटून वेळ कशाला घालवायचा?

म्हणून मेट्रोनोम न लावता आधी फक्त ‘सारे ग’ एवढंच वाजवा आणि ग वर थांबा. मात्रेचा तुकडा घोटताना तो नेहमी पुढच्या मात्रेच्या पहिल्या स्वरावर नेऊन थांबवावा. ‘सारे’ एवढ्यावर थांबलात तर तुकडा छान होईल आणि सांधा तसाच कच्चा राहील. आणि बिघडतो तो सांधाच. ‘सारे ग’ म्हणताना अंगठा केव्हा निघतो ते बघा. बहुतेकांचा रे वाजून झाल्यावर निघतो. तो सा वाजतानाच तळव्याखाली सरकायला हवा, म्हणजे रे वाजेपर्यंत ग च्या वर येऊन उभा असतो. तसंच ‘धप गरे सा’ चं. दहा-बारा वेळा सावकाश झालं की हेच तीन-चार स्वर एकदम जलद, अगदी परीक्षेच्या लयीपेक्षाही जलद, एकदाच वाजवून बघा. हा प्रयोग सहसा कुणी करत नाही. पण सावकाश वाजवताना जमणारी बोटांची रचना जलद लयीत जमेलच असं नाही, आणि ते तीन आठवड्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. जलद वाजवताना कोपर बाहेर फेकला जात असेल किंवा मनगट उडत असेल तर रचना बदला.

मग मेट्रोनोम ६० वर. टिकेला दोन स्वर, म्हणजे सेकंदाला दोन. सबंध तान ओळीने तीनदा चुकीशिवाय आली की एक पायरी वर. पायरी किती, यात बरेच जण फसतात. दहा-दहाने चढतात. ६० वरून ७० म्हणजे लय जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढली, ११० वरून १२० म्हणजे फक्त ९. खाली उगाच दमछाक आणि वर आळस. जुन्या लंबकाच्या मेट्रोनोमवर जे आकडे कोरलेले असतात ते यापेक्षा शहाणे आहेत: ६०, ६३, ६६, ६९, ७२, ७६, ८०, ८४, ८८, ९२, ९६, १००, १०४, १०८, ११२, ११६, १२०. तिथे दर पायरी साधारण चार-पाच टक्क्यांची असते. माल्झेलने १८१५ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राची ती मोजपट्टी आहे आणि अजून तिच्यात बदल करावासा वाटत नाही. ६० ते १२० मध्ये सोळा पायऱ्या होतात. रोज दोन-तीन नव्या पायऱ्या चढा. चुकलात तर दोन पायऱ्या खाली या आणि पुन्हा चढा. दुसऱ्या दिवशी काल जिथे थांबलात तिथून सुरू न करता तीन पायऱ्या खालून सुरू करा, कारण बोटं तापायला थोडा वेळ लागतो. कुठे थांबलात तो आकडा आणि तारीख वहीत. आठवडाभर ९२ वरच अडकलात तर पुढे ढकलत बसू नका. पुन्हा ‘सारे ग’ कडे जा. बहुतेक वेळा अंगठाच उशिरा निघत असतो.

टीक ऐकली की बोटं अडखळतात, असं तुम्ही लिहिलंय. त्याची कारणं दोन असू शकतात आणि दोन्ही सोपी आहेत. पहिलं, स्वर पाठ नसताना मेट्रोनोम लावणं. डोकं स्वर आठवण्यात गुंतलेलं असताना तिसरा आवाज आला की काहीतरी सुटणारच. परीक्षा सोपी आहे: पेटी बंद ठेवून, हाताने टाळी-खाली दाखवत तान तोंडाने म्हणा. म्हणता आली नाही तर वाजवायची वेळ आलेली नाही. गुरुजी ‘आतून’ म्हणतात ते हेच असावं. त्यांच्या पिढीला मांडीवर ताल धरून म्हणायला लावायचे आणि मगच पेटीला हात. दुसरं कारण, टिकेच्या मागे धावणं. टीक ऐकायची आणि मग पट्टी दाबायची असं केलं की तुम्ही कायम एक केस मागे. मेट्रोनोम लावल्यावर आधी दोन आवर्तनं नुसती टाळी द्या. टाळी टिकेवर नीट पडली की टीक टाळीखाली दडल्यासारखी वाटते, वेगळी ऐकूच येत नाही. तसं झालं की पेटी सुरू करा. वाजवतानाही खूण तीच: टीक हरवली म्हणजे तुम्ही बरोबर आहात. ती स्वराच्या आधी ऐकू आली तर तुम्ही मागे, नंतर ऐकू आली तर पुढे.

आता टीक ऐकूच येत नाही, त्याबद्दल. पेटीचा आवाज सलग असतो. पियानोचा स्वर उठतो आणि विरत जातो, त्यामुळे दोन स्वरांच्या फटीतून टीक सहज कानावर येते. पेटी ती फट ठेवत नाही. उपाय म्हणून फोन मोठा करू नका, पेटी लहान करा. रियाजाला एकच स्वरपट (सुरांचा संच) उघडा, खर्ज बंद, कपलर बंद. कपलर बंद असला की पट्टीही हलकी होते, कारण एका पट्टीबरोबर दुसरी ओढली जात नाही. साध्या तारेचा इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान पेटीसाठी मोकळा. आणि ॲपमध्ये आवाज बदलायची सोय असते तिथे जाऊन लाकडी ‘टक’ निवडा. बहुतेक ॲपचा मुळातला आवाज म्हणजे एक टोकदार ‘बीप’ असतो, त्याला स्वतःचा सूर असतो, आणि तो तुमच्या काळी एकच्या षड्जाशी जुळणारा असेलच असं नाही. तासभर बेसूर बीप ऐकत भूप वाजवला तर कान बिघडेल, लय सुधारायची ती बाजूलाच. ब्लूटूथ स्पीकर लावत असाल तर ॲपमधल्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघू नका. आवाज दिव्याच्या मागे राहतो. नुसत्या आवाजावर वाजवलंत तर काही बिघडत नाही, कारण सगळ्याच टिका सारख्याच उशिरा येतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पेटीवाल्यांनी मेट्रोनोम लावला की बहुतेक वेळा ती होतेच. भाता! टिकेबरोबर डावा हात भाता मारायला लागतो. टीक, भाता, टीक, भाता. मग प्रत्येक मात्रेला स्वर फुगतो, सगळी तान धापा टाकल्यासारखी ऐकू येते, आणि डाव्या हाताची घाई उजव्यात उतरते. पेटीला बाहेरच्या भात्याखेरीज आत स्प्रिंगवर दाबलेला दुसरा भाता असतो, आणि त्याचं कामच हवा साठवून दाब सारखा ठेवणं हे आहे. त्यामुळे मात्रेमात्रेला हवा भरायची गरज नसते. नुसता षड्ज सोळा टिका धरा आणि डोळे मिटून ऐका. टिकेगणिक आवाज वर-खाली होतोय? मग भाता मुद्दाम तालाशी आडवा चालवा: टिका चाराच्या आणि भात्याची एक फेरी तीन मात्रांची. सुरुवातीला गोंधळ उडेल, दोन-तीन दिवसांत हात सुटे होतात, आणि नंतर तीन-चार मोजायचीही गरज उरत नाही. तान सुरू होण्याच्या आधीच्या मात्रेला भाता भरून घ्या, म्हणजे अवघड जागेवर हवा कमी पडत नाही.

तसाच मंद्र सप्तकाचा एक बारकावा. खालच्या सुऱ्या (हवेने कंप पावून स्वर देणाऱ्या पितळी पट्ट्या) लांब आणि जड असतात, त्या बोलायला जरा वेळ घेतात. भूपमध्ये मंद्र ध वर उतरलात आणि टीक आधी, स्वर मागून असं झालं, तर तो दोष बोटांचा असेलच असं नाही. हवा पुरेशी आहे का ते बघा. तरीही स्वर मागेच राहत असेल तर पेटी दुरुस्तीवाल्याला ती सुरी दाखवा. तिच्यावर धूळ बसलेली असू शकते.

तिगुन (मात्रेला तीन स्वर) परीक्षेत विचारली तर? तिगुनीत बहुतेकांचे तीन स्वर सारखे पडत नाहीत, दोन आखूड आणि तिसरा लांब होतो, म्हणजे चौगुनीतलाच एक स्वर खाल्लेला. तोंडाने ‘तकिट तकिट’ म्हणत वाजवा. मेट्रोनोम ५० वर ठेवून एक आवर्तन बरोबरी, एक दुगुन, एक तिगुन, एक चौगुन, आणि परत उलट. इथे मेट्रोनोमला पर्याय नाही, कारण बरोबरीवरून तिगुनीत जाताना मूळ मात्राच हलते आणि वाजवणाऱ्याला ते कळत नाही.

आता टिका कमी करायच्या. तान १२० वर तीन दिवस सलग आली की मेट्रोनोम ६० वर आणा, पण लय १२० चीच ठेवा. म्हणजे टीक दर दोन मात्रांनी येईल. ते जमलं की ३०, म्हणजे फक्त १, ५, ९, १३ या मात्रांना. तीनतालाच्या टाळ्या आणि खाली याच जागी आहेत, त्यामुळे हे मोजायला सोपं जातं. पुढे सोळा मात्रांत एकच टीक, समेवर. फोनवरचा ॲप इतका खाली जात नसेल तर सोळाचा ठोका लावून बाकीचे पंधरा मूक करायची सोय बघा. काहींमध्ये दोन आवर्तनं वाजून दोन गप्प राहायची सोयही असते; गप्प आवर्तनांनंतर टीक परत आली की कुठे पोचलात ते रोखठोक कळतं. समेची टीक जमली की तीच टीक खालीवर, नवव्या मात्रेवर, आहे असं धरून वाजवा. हे मात्र कठीण आहे. परीक्षेपुरतं समेपर्यंत पोचलात तरी पुष्कळ. गुरुजींची भीती इथे निकालात निघते. जो माणूस सोळा मात्रांत एका टिकेवर वाजवतो त्याची लय यंत्रात राहत नाही, पंधरा मात्रा त्याच्या त्यालाच सांभाळाव्या लागतात.

बंदिशीला मेट्रोनोम का नको, तेही सांगतो. मेट्रोनोमला सगळ्या मात्रा सारख्या. तालात त्या सारख्या नसतात. नवव्या मात्रेनंतर बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) गप्प होतो, चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’पासून तो परत घुमायला लागतो आणि सम जवळ आल्याचं न मोजता समजतं. तुम्हाला रविवारी ज्या खुणा ऐकायच्या आहेत त्या टिकेत नाहीत. म्हणून बंदिशीला तबल्याचा ठेका देणारं ॲप किंवा तबलामशीन लावा, भरावाशिवायचा साधा ठेका. अस्ताई, अंतरा, ताना घेऊन मुखड्यावर परत येणं, हे सगळं ठेक्यावरच. आणि आलाप, उठाव, भावगीताची साथ, गाणाऱ्याच्या मागे जाणं यांत दोन्ही बंद. पं. गोविंदराव पटवर्धनांनी केलेली नाट्यपदांची साथ ऐका. शब्द जिथे ताणला जातो तिथे पेटी त्याच्याबरोबर ताणली जाते. ते टिकेवर शिकता येत नाही.

एक कसोटी अजून आहे, तुमच्याच घरची. लेहरा. लेहरा म्हणजे तबल्याच्या स्वतंत्र वादनाला साथ म्हणून पुन्हा पुन्हा वाजवायची एका आवर्तनाची धून. तीनतालातला कुठलाही सोपा लेहरा, चंद्रकंसातला असेल तर उत्तम, पाच मिनिटं एकाच लयीत वाजवत राहायचा, भर न घालता. लेहरेकऱ्याचं सगळं काम लय न हलवणं एवढंच असतं आणि म्हणून तो कंटाळवाणा वाटतो, पण तुमच्यासारख्याला याहून चांगलं औषध नाही. आधी समेच्या टिकेवर, मग तबलजींना सांगा की तुम्ही कायदा (तबल्याच्या बोलांची रचना) वाजवा, मी लेहरा धरतो. त्यांच्या तिहाईने (तीनदा वाजून समेवर येणाऱ्या तुकड्याने) तुम्ही गडबडलात की पहिल्या एक-दोन रविवारी हसू होईल. होऊ द्या.

रविवारची घाई निम्मी लय घेण्यातच असते. समोर तबला, मन उत्साहात, आणि अस्ताई सोपी असल्यामुळे ती जरा चढ्या लयीत उचलली जाते. मग ताना येतात आणि त्या लयीत बसत नाहीत. सुरू करण्याआधी अस्ताई मनात म्हणू नका. सगळ्यात अवघड तान मनात म्हणा, ती जिथे आरामात बसते ती लय घ्या, आणि तबलजींना चार मात्रा टाळीने द्या. पेटीवादनात ठेकेवाला तुमच्या मागे येतो. तुम्ही केसभर पुढे गेलात की तोही येणार, मग त्याला ऐकून तुम्ही अजून पुढे, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा पळतोय.

तासाची वाटणी बदला. एक सलग तासाऐवजी सकाळी २५ मिनिटं आणि रात्री ३५ जमली तर बघा. झोपेच्या आधी आणि नंतर हात फिरला की तुकडे लवकर बसतात. सकाळी भाता आणि काळी एकमधले पलटे दहा मिनिटं, मग मेट्रोनोमवर तीन अवघड जागा पंधरा मिनिटं. एक जागा पंधरा मिनिटं घोटण्याऐवजी तिन्ही आलटून पालटून, दोन-दोन मिनिटं. प्रत्येक वेळी परत येताना जरा आठवावं लागतं, त्यात चुकाही जास्त होतात, पण दुसऱ्या दिवशी तेच जास्त उरतं. रात्री ठेक्यावर बंदिश, आणि एक दिवसाआड सुरुवात अंतऱ्यापासून करा. चूक झाली की बंदिश पहिल्यापासून घ्यायची सवय असेल तर ती सोडा. तिच्यामुळेच अस्ताई चकाकते आणि अंतरा कच्चा राहतो. शेवटची दहा मिनिटं काहीही न लावता सलग वाजवायचं, चुकलं तरी थांबायचं नाही, रेकॉर्ड करायचं. परीक्षकासमोर थांबता येत नाही, तर त्याचीही सवय हवी. आठवड्यातून एक दिवस पेटीला हात लावू नका.

मुलीच्या बाईंचं म्हणणं तिच्यापुरतं ठीक आहे. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या परीक्षांत स्केलचे (आरोह-अवरोहांचे) वेग आकड्यांत छापलेले असतात, शिवाय तिला दोन हात जुळवायचे असतात, त्याला टीक लागतेच. मात्र नवा तुकडा वाचताना तिनेही तो बंद ठेवावा. आणि घरात लंबकाचा मेट्रोनोम असेल तर तो पियानोवर सपाट ठेवायला सांगा. कलता ठेवला की एक टीक जवळ आणि एक लांब पडते, लंगडत चालल्यासारखी, आणि मुलं तिच्याबरोबर लंगडत वाजवतात.

येत्या रविवारी तबलजी आले की आठ आवर्तनं रेकॉर्ड करा आणि समेचे आकडे त्यांच्यासमोर बसून लिहा. तीन आठवड्यांनी पुन्हा. तानेच्या आवर्तनाचे आकडे ७.९ ते ८.१ मध्ये यायला लागले की आम्हाला कळवा. नाही आले तर ‘सारे ग’ वाजवतानाचा नुसत्या उजव्या हाताचा व्हिडिओ, वरून काढलेला, गुरुजींना दाखवा. अंगठा कुठे रेंगाळतो ते त्यांना एका नजरेत दिसेल.